गोव्याला चालत जाणार आहेस तर

बाळा,

तुझा मेसेज वाचला. ओल्ड गोव्याच्या पदयात्रेला नाव दिलंस आणि आता विचारतोस, अंकल, चोर्ला घाटातून गाडी दोन-तीन तासात नेऊन सोडते, मग चालायचं कशाला. बरोबर आहे की. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या पण डोक्यात हेच होतं, फक्त विचारायला कोण नव्हतं.

आधी एक सांगतो, पोचल्यावर तिथं काहीतरी भारी होणार म्हणून जाऊ नको. २४ नोव्हेंबरला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना सुरू आणि ३ डिसेंबरला सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, त्या दिवसात त्याचं शव ठेवलंय त्या बॉम जेझस बासिलिकात, म्हणजे चर्चात, लाईन म्हणजे लाईन. आणि सायबाचं शव काय दरवर्षी खाली काढत नाहीत, दहा वर्षातून एकदा, मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झालं, तेव्हा से कॅथेड्रलमध्ये नेऊन ठेवलेलं. एरवी चांदीची पेटी वर उंचावर, तू खालनं मान वर करून बगणार, मागचा ढकलणार, झालं. एवढ्यासाठीच पाय मोडून घ्यायचे असतील तर खरंच गाडीनं जा मर्दा, काय बिघडत नाही.

आपल्या गल्लीतल्या माळकऱ्याला विचारून बग, पंढरीत देवळात शिरायला नाही मिळालं तरी कळस बघून हात जोडतात आणि परत फिरतात, वारी फुकट गेली असं कुणी म्हणत नाही. आपल्या लोकांना हे कळायला वेळ लागतो, आपण तिथं जाऊन मेणबत्ती लावली, फोटो काढला की काम संपलं असं धरतो.

माझं सांगतो. मी तेव्हा तुझ्याच वयाचा, नोकरी लागावी म्हणून नवस बोललेलो आणि शहाणपणा करून नवे कोरे बूट घालून निघालो. जांबोटी जायच्या आधीच टाचेला फोड. ग्रुपवाले तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना, म्हणत पुढे गेले, मी मागे राहिलो, आणि मनात सायबालाच शिव्या घालत कणकुंबीपर्यंत लंगडत गेलो. मलप्रभा उगम पावते ना ते कणकुंबी, तिथं एका घरापुढं तुळशीकट्ट्यावर बसलो तर आतनं एक आजी आल्या, काय विचारलं नाही, कुठला, कुणाचा, कायच नाही, घमेल्यात गरम पाणी आणून ठेवलं, मीठ टाकलं आणि म्हणाल्या पाय घाल. मग भाकरी आणि कुळथाची आमटी. मी जेवायच्या आधी क्रूसाची खूण केली तर त्या थांबल्या, माझं होईस्तोवर वाढलं नाही.

बायबलात लूकच्या २४व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे आहेत बग, येशू सोबत चालतोय आणि त्यांना पत्ताच नाही, ओळख पटते ती संध्याकाळी घरात भाकर मोडताना. लहानपणापासून चर्चात मिस्सेत ऐकलेलं ते, पण मला ते कळलं त्या घमेल्यात पाय घालून बसल्यावर. फेस्ताच्या दिवशी बासिलिकात काय झालं ते मला आज नीट आठवत पण नाही. नोकरी? ती नंतर दोन वर्षांनी लागली, त्याचा हिशेब मी सायबाकडे मागितला नाही.

हे काय मी नवीन सांगत नाही. चौथ्या शतकातले बिशप, निस्साचे ग्रेगरी, स्वतः जेरुसलेमला जाऊन आले आणि मग पत्रात लिहिलं की जागा बदलली म्हणून देव जवळ येत नाही, तिथं जाऊन फायदा एवढाच झाला की आपलीच भूमी जास्त पवित्र आहे हे कळलं. म्हणजे जाऊ नको असं मी म्हणत नाही हां. ते पण जाऊन आल्यावरच बोलले.

आणि सायब स्वतः तरी कुठं एका जागी बसला? ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर वारला, तिथनं मलाक्का, आणि मार्च १५५४ मध्ये गोव्याला, म्हणजे मेल्यावर पण सव्वा वर्ष प्रवासच. नंतर उजवा हात काढून रोमला नेला, तो अजून तिथंच आहे.

अजून एक, वाटेत नाहीतर ऑफिसात कोणीतरी इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्माविरुद्ध वागले म्हणून लोकांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या कोर्टाचं, काढणारच. तेव्हा तोंड लपवू नको आणि भांडू पण नको. गोव्यात इन्क्विझिशन आणा असं फ्रान्सिस झेवियरनं १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं, ते खरं आहे, आणि सुरू झालं १५६० मध्ये, त्याच्या मरणानंतर. मला विचारशील तर ते पत्र लिहायला नको होतं. तरी मी दरवर्षी जातो. दोन्ही एकाच माणसात बसतं, माझ्यात पण आणि सायबात पण.

बाकी सामान कमी घे. बूट आत्तापासनं रोज वापर, पंधरा दिवस तरी, आणि सुती मोजे दोन जोड. पहाटे तीन-चारला निघतात, टॉर्च आणि पाठीवर चमकणारी पट्टी पाहिजेच, घाटात ट्रक कसे येतात तुला माहीत आहे. फोन बंद कर म्हणणार नाही, आई काळजी करेल, पण कानात गाणी घालून चालू नको. सांखळीच्या पुढं ऊन जोरात लागतं, तिथं घाई करून पुढं पळणारेच माशेलपर्यंत आडवे होतात.

येताना सगळे गाडीनं येतात, तू पण ये, पण कणकुंबीत उतर. त्या आजी आता नाहीत, सून आहे, तुळशीकट्टा तोच. फेस्तातलं खाजं अर्धा किलो घेऊन जा, लंगड्यानं पाठवलंय म्हण, ओळखतील.

तुझा अंकल