मोबाइल काढून घेऊ का, मॅडम?

दहावी-अकरावीतल्या मुलामुलींच्या आया मला हा प्रश्न सारखा विचारतात. मोबाइलमध्ये 'नको ते' सापडलेलं असतं आणि घरात अबोला. अशाच एका घराची ही गोष्ट; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला, आई घरी बिड्या वळते. चांगला मोबाइल एकच, तो रात्री 'अभ्यासाला' मुलाकडे. आईनं पिशवीतून मोबाइल काढून माझ्यापुढं धरला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिली. बोटांना तंबाखूचा वास. "तुम्हीच वाचा. मी दोन ओळी बघून बंद केला."

मुलानं मोबाइलवर काय काय शोधलं होतं, ते मी सगळं मोठ्यानं वाचलं. 'रात्री चड्डी ओली होते उपाय.' 'वीर्य गेल्यावर रक्त कमी होतं का.' 'वजन वाढत नाही कारण.' आणि पहाटे पावणेतीनला, 'माझं लग्न होईल का.'

हे ऐकल्यावर त्यांनी मान वळवली. "म्हणजे घाबरलाय होय तो?"

दोन दिवसांनी मुलगा आला. आईनं मोबाइल दाखवलाय, हे मी त्याला आधीच सांगितलं. लपवून विश्वास मिळत नाही. बराच वेळ तो शर्टाची बाही ओढत बसला. मग दप्तरातून अर्धी संपलेली पावडरची डबी काढली. एका व्हिडिओखालच्या नंबरवर फोन केला होता. पलीकडच्या माणसानं सांगितलं, शंभर थेंब रक्ताचा वीर्याचा एक थेंब होतो, वेळीच थांबवलं नाही तर संसार होणार नाही. साठवलेले अठराशे रुपये गेले होते.

मी कागदावर चित्र काढलं. शुक्राणू वृषणात तयार होतात, बाकीचा द्रव मुख्यतः वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. रक्त आटवून काही बनत नाही. एका वेळी बाहेर पडतं ते साधारण दीड ते पाच मिलिलिटर, म्हणजे फार तर चहाचा एक चमचा. वयात येताना ते झोपेत बाहेर पडणं स्वाभाविक आहे. कुणाला वरचेवर होतं, कुणाला कधीच नाही. लघवीला जळजळ, जखम किंवा पू असेल तर मात्र डॉक्टरच हवा. त्याला यातलं काही नव्हतं. वजन घटलं होतं, पण तीन-तीन वाजेपर्यंत जागून आणि धास्तीनं जेवण टाकून दुसरं काय होणार?

मला राग येतो तो 'स्वप्नदोष' या शब्दाचा. नावातच दोष घातला की पोरगं उपाय शोधतं, आणि 'उपाय' शोधलं की विकणारे पुढं येतात. एक व्हिडिओ बघितला की तसलेच दहा. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी त्या भिंतींवरून थेट पोरांच्या हातात आल्या. मी त्याला एवढंच शिकवलं: 'उपाय' न लिहिता 'का होतं' असं लिही, आणि उत्तराच्या शेवटी कुणी काही विकतंय का ते बघ. बोलावंसं वाटलं तर सरकारी रुग्णालयातल्या 'मैत्री क्लिनिक'चीही माहिती दिली. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठीच ती सोय आहे.

मोबाइल काढून घेऊ नका, असं मी आईला सांगितलं. रात्री तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, तोही झोपेसाठी, शिक्षा म्हणून नाही. काढून घेतला असता तर त्यानं हेच प्रश्न मित्राच्या मोबाइलवर विचारले असते आणि घरी कुणाला कळलंही नसतं.

पुढच्या आठवड्यात वडील एकटेच आले, रात्रपाळी करून थेट. भुवयांवर कापसाची तूस तशीच. खुर्चीवर बसलेच नाहीत.

"मॅडम, सतरा वर्षांचा होतो तवा स्टँडजवळच्या तंबूतनं मी पण असलंच चूर्ण आणलं होतं. कुणाला बोललो नाही कधी. पोराला सांगितलं तर चालंल का?"

"आजच सांगा," मी म्हटलं.