आधी उजेड, मग कापड
वाचकांचे प्रश्न : व्हिडिओ कॉल, घरून काम आणि पोशाख

प्रश्न : घराच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत बसून काम करतो. पाठीमागे खिडकी आहे. कॉलवर चेहरा काळपट दिसतो. रिंग लाइट आणला, तर चष्म्यात दोन पांढरी कडी दिसू लागली. आता चांगला वेबकॅम घ्यावा का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : वेबकॅमचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. कॅमेरा चौकटीतला सगळा उजेड मोजतो आणि त्या अंदाजाने चित्र उजळ किंवा मंद करतो. पाठीमागे एप्रिलचं ऊन असेल तर तो खिडकी सांभाळतो आणि तुमचा चेहरा अंधारात जातो. महागडा कॅमेराही बहुतेक वेळा हेच करेल. म्हणून आधी टेबल फिरवा. खिडकी तुमच्या समोर किंवा समोरून थोडी बाजूला यायला हवी. खिडकी पश्चिमेची असेल तर दुपारनंतर ऊन थेट तोंडावर येतं. तिथे पांढरा सुती पडदा किंवा जुन्या धोतराचं पान लावा. उजेड गाळून येतो आणि डोळ्यांखाली, नाकाखाली गडद सावल्या पडत नाहीत.

टेबल फिरवायला जागाच नसेल तर मागच्या खिडकीला जाड पडदा लावून ती पूर्ण झाका आणि समोरून दिव्याचा उजेड घ्या. ९ ते १२ वॉटचा साधा एलईडी बल्ब पुरतो, पण तो चेहऱ्यावर रोखू नका. लॅपटॉपच्या मागे ठेवून त्याचं तोंड समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे करा. भिंतीवरून परत आलेला उजेड पसरट आणि मऊ असतो. डोक्यावरच्या ट्यूबलाइटच्या भरवशावर राहिलात तर कपाळ चमकतं आणि डोळे खोल गेल्यासारखे दिसतात. बल्बच्या खोक्यावरचा रंगही वाचा. दिवसा खिडकीच्या जोडीला कूल डेलाइट चालतो, फक्त रात्री काम असेल तर नॅचरल व्हाइट बरा. खिडकीच्या उजेडात वॉर्म व्हाइट मिसळला की अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर येतो.

चष्म्यातली कडी दिसतात, कारण रिंग लाइट डोळ्यांच्या उंचीवर, अगदी समोर आहे. तो डोक्याच्या वर हातभर न्या आणि एका बाजूला तिरका करा. चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलून बसवल्या की काचा जराशा खाली झुकतात आणि उरलेली चमकही निघून जाते. तरीही निळसर चौकोन दिसला तर ते स्क्रीनचं प्रतिबिंब समजा. स्क्रीनची ब्राइटनेस निम्म्यावर आणा.

चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील तर दोष कॅमेऱ्याच्या सेटिंगचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. सेटिंग ६० हर्ट्झवर असलं की मेळ बसत नाही. ते ५० वर करा.

एवढं झाल्यावर लॅपटॉप चार-पाच जाड पुस्तकांवर ठेवा. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणि चेहऱ्यापासून साधारण ६० सेंटीमीटरवर हवा. याहून जवळ बसलात तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. खाली ठेवलेल्या लॅपटॉपमधून समोरच्याला हनुवटी आणि छताचे पत्रे दिसतात, तेही टळेल.

प्रश्न : माझे बहुतेक शर्ट बारीक चौकड्यांचे आहेत. कॉलवर ते थरथरताना दिसतात. नवे कोणते घ्यावेत? उन्हाळ्यात टेरिकॉट अंगावर नकोसं होतं.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बारीक ठिपक्यांची जाळी असते. तुमच्या चौकड्यांची वीण त्या जाळीच्या जवळपासच्या मापाची झाली की दोन्हींच्या टकरीतून लाटा उठतात. वर नेट मंदावलं की चित्र दाबून पाठवलं जातं आणि बारीक नक्षी पहिल्यांदा विस्कटते. चौकडा एक सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर सहसा अडचण येत नाही. सर्वांत निर्धास्त म्हणजे सपाट रंग.

रंग मध्यम घ्या: मोरपंखी, वांगी, गेरू, मेंदी, गडद आकाशी. पांढराशुभ्र शर्ट चौकटीत जास्त जागा व्यापतो, कॅमेरा चित्र मंद करतो आणि चेहरा सावळतो. काळ्याने याच्या उलट होतं, चेहरा फटफटीत येतो. मागच्या भिंतीचा रंग आणि शर्टाचा रंग एकच नको, नाहीतर मागचं दृश्य धूसर करणारं सॉफ्टवेअर खांदेच पुसून टाकतं.

कापड मात्र सुतीच घ्या. राष्ट्रध्वज तयार करणारी मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तुमच्या नांदेडचीच, तेव्हा खादीचा पोत हाताने पाहून घेणं तुम्हाला सोपं आहे. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचं सव्वादोन ते अडीच मीटर कापड लागतं, ५८ इंच पन्ह्याचं साधारण १.६ मीटर. त्यावर पाव मीटर जास्त घ्या आणि शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. सुती कापड आटतं. न भिजवता शिवलं तर दुसऱ्या धुण्यात कॉलर आवळते आणि बाह्या मनगटावरून वर चढतात. शिंप्याला कॉलर आणि पुढच्या पट्टीत चांगलं बकरम घालायला सांगा. कॉलवर शर्टाचा एवढाच भाग दिसतो आणि मरगळलेली कॉलर सगळ्या कापडाची किंमत घालवते.

प्रश्न : मी ऑफिसात आणि घरूनही साडीच नेसते. कॉलसाठी कोणती बरी? बांगड्यांच्या आवाजाची तक्रार आली आहे.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : साडी अवश्य नेसा, ती कॅमेऱ्यावर उत्तम दिसते. चौकटीत येतो तो डाव्या खांद्यावरचा पदर, ब्लाउजचा गळा आणि बाह्या. पदर चुण्या घालून खांद्यावर पिनेने बसवला की वारंवार सावरावा लागत नाही. पैठणीसारखे रुंद जरीचे काठ गळ्याजवळ आले तर दिव्याखाली पांढरे फटकारे दिसतात, म्हणून रोजच्या कॉलला सुती धाग्याचे काठ बरे. नारायणपेठेत बारीक चौकड्या असतील तर वर सांगितलेल्या लाटा येतील. सपाट अंगाची इरकल त्याहून बरी. साडीला खळ हलकी घाला. कडक पदर हात हलवला की कुरकुरतो आणि तो आवाज गळ्याजवळ लावलेल्या माइकमध्ये चढतो.

बांगड्या काढायची गरज नाही. लॅपटॉपचा माइक बहुधा त्याच्या अंगातच असतो, म्हणून टेबलावर टेकलेली बांगडी त्याला ठोक्यासारखी ऐकू येते. मनगटाखाली घडी घातलेला जाड पंचा ठेवा किंवा माइक असलेले हेडफोन वापरा. लोंबत्या झुमक्यांऐवजी कुड्या घाला, झुमके इअरफोनच्या वायरवर घासतात.

प्रश्न : आठवड्यातले दोन दिवस पुण्यात ऑफिस, बाकी घरून. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाऊन सकाळी थेट ऑफिस गाठतो. कपडे चुरगळलेले असतात.
– एक वाचक, धाराशिव

उत्तर : ऑफिसचे कपडे घालून प्रवास करू नका, हे पहिलं. गाडीत मऊ सुती पँट आणि टी-शर्ट. शर्ट घडी न घालता गुंडाळा: बटणं लावून पालथा पसरा, बाह्या पाठीवर घ्या, मध्ये जुना टॉवेल ठेवून खालून वर गुंडाळत न्या. कडक घडीची रेघ पडत नाही. प्रवासाच्या शर्टात निखळ लिनन नको, ते नुसतं बसलं तरी चुरगळतं. सुतात थोडं पॉलिएस्टर असलेलं मिश्र कापड इथे क्षम्य आहे, कारण ते दोनच दिवस आणि तेही एसीत घालायचं आहे. पँटमध्ये एक-दोन टक्के स्पँडेक्स (ताणला जाणारा धागा) असेल तर दिवसभर बसून गुडघे आणि कंबर आवळत नाही.

घरी असतानाही वर शर्ट आणि खाली बर्म्युडा ही जोडी टाळा. दार वाजलं किंवा चार्जर आणायचा झाला की उठावं लागतंच. नाडीची पण सरळ कापाची, गडद रंगाची सुती पँट शिवून घ्या. बसायला पायजम्याइतकी सैल आणि उभं राहिल्यावर नीटनेटकी.

प्रश्न : कूलर चालू ठेवला तर आवाज, बंद केला तर घामाची अंघोळ. त्यात मध्येच लाइट जाते.
– एक वाचक, जालना

उत्तर : कूलर बंद करू नका. मे महिन्यात ते अंगावर बेततं. त्याचा झोत माइकवर येणार नाही असा फिरवा, पंखा सर्वांत कमी वेगावर ठेवा आणि दुसरीकडची खिडकी वीतभर उघडी ठेवा. बंद खोलीत दमटपणा साचतो, मग घामही वाळत नाही आणि खळ घातलेली कॉलरही ओली पडते. काडीच्या माइकचा हेडसेट घ्या आणि माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं लांब, बाजूला ठेवा. अगदी समोर ठेवला तर श्वासाची फूफू ऐकू जाते. आवाज गाळण्याची सोय चालू करा. कूलरच्या एकसुरी घरघरीवर ती चांगली चालते, पण सर्वांत वरच्या पातळीवर नेली तर तुमचेही शब्द खाते, म्हणून मधली पातळी ठेवा.

घामाचे डाग आकाशी आणि करड्या रंगावर सर्वांत उठून दिसतात. ते शर्ट घालायचे असतील तर आत सुती बनियन हवीच. चेहऱ्याची चमक टिपकागदाने दाबून टिपा, रुमालाने घासू नका, घासल्याने त्वचा लाल दिसते.

लाइट जाण्याचा बंदोबस्त दोन गोष्टींनी होतो: समोरच्या दिव्याच्या जागी इन्व्हर्टर बल्ब (लाइट गेली की आतल्या बॅटरीवर चालणारा) आणि राउटरला छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा. यूपीएस घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेच जुळवा. बऱ्याच राउटरना १२ व्होल्ट लागतात, पण ९ व्होल्टचेही असतात, आणि चुकीचा जोडला तर राउटर जळू शकतो. सुट्टीच्या दिवशी कॉल चालू असताना घरचा मेन स्विच पाडून बघा. दिवा तेवतो का आणि कॉल तुटतो का, हे तेव्हाच कळेल.