पॅच पॅनल वगळू नका, आणि नायलॉनचे टाय तर नकोच

तुमचा फोटो बघून पोटात गोळाच आला. शाळेच्या नेटवर्कचा 15यू रॅक (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप), पॅच पॅनल (भिंतीतून येणाऱ्या केबल बसवायची पोर्टची पट्टी) बजेटमध्ये बसत नाही म्हणून 22 केबल थेट स्विचला (सगळी उपकरणं एकमेकांशी जोडणारा डबा) लावलेल्या, आणि आता तुम्ही विचारताय की नायलॉनचे टाय आवळून सगळ्यांची एकच जुडी केली तर नीट दिसेल का. दिसेल. मीही नेमकं हेच केलं होतं.

एका साखर कारखान्याच्या ऑफिसचं नेटवर्क माझ्याकडे होतं. कोटेशनमधलं पॅच पॅनल आणि केबल मॅनेजर (केबल नीट वळवून धरणारी पट्टी) खरेदी विभागाने खोडलं. "स्विचला पोर्ट आहेत ना, मग मध्ये हे कशाला?" मी वाद घातला नाही, याचं आजही वाईट वाटतं. केबल अगदी नेमक्या लांबीला कापल्या, वीत-वीत अंतरावर टाय आवळले आणि जुडी स्विचच्या स्क्रूंवरूनच खाली नेली. सगळ्यांनी कौतुक केलं.

ऐन गळीत हंगामात रात्री स्विच जळाला. नवा हाताशी होता, पण जुना बाहेर काढायला स्क्रूपर्यंत पोचताच येईना. मोबाइलच्या उजेडात कटरने टाय तोडत बसलो. स्विच बदलला, सगळं सुरू झालं, फक्त वजनकाट्याची लिंक दर दोन-चार मिनिटांनी जायची. पोर्ट बदलला, काट्यावरचा पीसी तपासला, नव्या स्विचवरच संशय घेतला. उजाडल्यावर दिसलं की एका टायच्या जागी केबलचं वेष्टन कापलं गेलं होतं आणि आतली नारिंगी तार अर्धवट तुटली होती. तोवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग गेटबाहेर गेलेली. तोडलेला ऊस उभा राहिला की वजन घटतं, म्हणजे माझ्या टायची किंमत शेतकऱ्याने मोजली. तेवढा भाग कापून नवा प्लग लावावा, तर केबल हातभर कमी पडायला लागली. जॉइनर लावून दिवस काढला आणि नंतर अख्खी केबल नव्याने ओढली.

म्हणून माझं मत ठाम आहे: वाटल्यास स्विच थोडा स्वस्तातला घ्या, पण पॅनल घ्याच. भिंतीतून येणाऱ्या केबलची तार एकसंध असते, वारंवार वाकवली की तुटते. ती पॅनलला कायमची बसवायची आणि पुढची हलवाहलव पॅच कॉर्डवर, म्हणजे पॅनल ते स्विच जाणाऱ्या छोट्या लवचीक केबलवर करायची. 24 पोर्टचं पॅनल 1यू जागा घेतं. पॅनल आणि स्विचच्या मध्ये 1यूचा केबल मॅनेजर टाका. स्विचचे स्क्रू, पंखे आणि पॉवर कॉर्ड यांच्यासमोरून एकही केबल जाऊ देऊ नका.

बांधायला व्हेल्क्रो, तोही एवढा सैल की जुडीत बोट सरकावं. आवळल्याने आतल्या पिळलेल्या तारांच्या जोड्यांची रचना दबते आणि सिग्नल बिघडतो. कॅट6 प्रकारच्या नेटवर्क केबलला वळण केबलच्या जाडीच्या चौपट, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान नको. मीटरभर केबल जादा ठेवा, पण गच्च वेटोळं करू नका, तळाशी मोठा सैल वळसा द्या. आणि आधी टेस्टर, मग दोन्ही टोकांना लेबल, मग बांधणी. हा क्रम उलटला की सगळं पुन्हा सोडावं लागतं.

तुमच्या आठ कॅमेऱ्यांच्या केबलमधून वीजही जाणार, त्यांची जुडी वेगळी करा. मोठ्या जुडीच्या मधल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही, आणि तांबं तापलं की रोध वाढतो. साधे कॅमेरे असतील (पोर्टला 15.4 वॅट) तर लगेच काही बिघडणार नाही, पण शाळा कॅमेरे वाढवतातच.

जाता जाता, उरलेल्या तुकड्याची तार ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. ती केबल पुरवठादाराला परत करा, कॅमेऱ्यांना तर लावूच नका.

माझा अनुभव छोट्या रॅकचा आहे, डेटा सेंटरवाले काही गोष्टी वेगळ्या सांगतील. पॅनलसाठी मुख्याध्यापकांना पटवायचं असेल तर हा काट्याचा किस्सा खुशाल दाखवा. आणि टाय अजून लावले नसतील तर रॅकच्या मागच्या बाजूचाही एक फोटो टाका, केबल कुठून वळवायच्या ते बघून सांगतो.