निपलात ग्रीस गेलं, पण सांध्यापर्यंत पोचलं का?

मिनी ट्रॅक्टरच्या ग्रीसबद्दल या वेळी बरेच प्रश्न आले आहेत. इंजिन आणि हायड्रॉलिकचे प्रश्न म्हणून पुढच्या वेळी घेतो. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. यंदा २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर घेतला. ग्रीस आणायला गेलो तर दुकानदाराने चार डबे पुढे ठेवले : एपी-३, ईपी-२, काळं मॉली आणि स्वस्तातलं चासिस ग्रीस. एक मेकॅनिक म्हणतो एपी-३ शिवाय काही घालू नका, दुसरा म्हणतो ईपी-२. नेमकं काय घ्यावं?

उत्तर : ईपी-२ घ्या. लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स बेसचं (बेस म्हणजे ग्रीसला घट्टपणा देणारा घटक), चांगल्या कंपनीचं आणि सीलबंद. ट्रॅक्टरच्या जवळजवळ सगळ्या निपलांना (सांध्यावरची ग्रीस मारायची छोटी तोंडं) तेच एक ग्रीस पुरतं. पुस्तिकेत एखाद्या जागेसाठी वेगळं ग्रीस सांगितलं असेल तर तिथे पुस्तिकेचंच ऐका.

नावातलं ईपी म्हणजे जास्त दाब सोसणारं, एपी म्हणजे सर्वसाधारण कामाचं, आणि आकडा घट्टपणाचा असतो. एनएलजीआय या अमेरिकी ग्रीस संस्थेच्या मोजपट्टीवर ००० म्हणजे जवळजवळ वाहणारं आणि ६ म्हणजे साबणाच्या वडीसारखं. हे मोजताना २५ अंश तापमानाला एक ठरावीक वजनाचा शंकू ग्रीसवर सोडतात आणि ५ सेकंदांत तो किती रुतला ते बघतात. २ नंबरच्या ग्रीसमध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर जातो, ३ नंबरमध्ये २२ ते २५. फरक किरकोळ वाटेल. पण तुम्ही निफाडचे. तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कुठे जातो ते तुम्हाला मी सांगायला नको. तसल्या पहाटे लांब होजमधून ३ नंबरचं ग्रीस हाताने रेटून बघा, दोन निपलांत दम निघतो. मग माणूस कंटाळतो आणि शेवटचे चार निपल उद्यावर ढकलतो. माझा कल २ नंबरकडे आहे तो मुख्यतः याच कारणाने.

म्हणून एपी-३ वाईट ठरत नाही. टू व्हील ड्राइव्हच्या पुढच्या हबमधली बेअरिंगं हाताने भरायला ते झकास. फोर व्हील मिनी ट्रॅक्टरच्या पुढच्या अॅक्सलच्या गिअरमध्ये मात्र बहुधा ऑईल असतं. तिथे लेव्हलचा प्लग आणि ड्रेन प्लग दिसतील, त्यात ग्रीस कोंबू नका.

चासिस ग्रीस बरेचदा साध्या कॅल्शियमचं असतं. पाण्याला ते चांगलं टिकतं, पण ६० अंशांच्या पुढे फार काळ तग धरत नाही आणि १०० च्या आसपास पातळ होऊन वाहून जातं. लिथियम साधारण १८० पर्यंत तसं वितळत नाही. मॉली म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं काळं ग्रीस. लोडरच्या पिनांसारख्या, हळू हलणाऱ्या आणि मोठा भार घेणाऱ्या जागांसाठी ते आहे. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगात त्याचं काम नाही. लोडर नसेल तर त्यावर पैसे घालवू नका.

प्रश्न : ग्रीस गन आणली. पहिल्या दिवशी चालली, आता कितीही हापसलं तरी ग्रीस येत नाही. मुळात मिनी ट्रॅक्टरला कोणती गन घ्यावी, पिस्तूल, लिव्हर की बॅटरीची? निपल सगळे चाकामागे आणि पोटाखाली आहेत, हात पोचत नाही. (राजापूर)

उत्तर : गन बिघडलेली नाही, तिच्यात हवा अडकली आहे. सुट्टं ग्रीस चमच्याने भरलं की मध्ये पोकळ्या राहतात. डोकं एक-दीड आटा सैल करा, मागचा दांडा दाबून धरा आणि हळूहळू हापसा. फसफस आवाज करत हवा निघून ग्रीस दिसलं की डोकं पुन्हा आवळा. पुढच्या वेळी भरताना डोकं काढा, नळीचं उघडं तोंड बादलीतल्या ग्रीसमध्ये बुडवा आणि मागचा दांडा ओढत जा. ग्रीस आपोआप वर चढतं आणि पोकळी राहत नाही. बादलीला आधी दोन-तीन थापा मारून ग्रीस सपाट करून घ्या.

निवडीचं म्हणाल तर ५०० सीसीची लिव्हर गन पुरे. पिस्तूल एका हाताने चालतं आणि दुसरा हात होज धरायला मोकळा राहतो, पण अडकलेल्या निपलाला त्याचा जोर पुरत नाही. बॅटरीची गन छान आहे. भाड्याने चार-पाच अवजारं चालवणाऱ्याला ती परवडते. एका ट्रॅक्टरच्या दहा-पंधरा निपलांसाठी मी सुचवणार नाही. शिवाय तिच्या ट्रिगरवर बोट राहिलं की सील बाहेर कधी आलं ते कळत नाही. लिव्हरला हाताला दाब जाणवतो.

पैसे घालायचेच असतील तर पुढच्या टोकावर घाला. गनबरोबर मिळणारी लोखंडी नळी काढून ४५ सेंटीमीटरचा लवचिक होज लावा. कपलर, म्हणजे निपलावर बसणारं टोक, चार जबड्यांचा घ्या, लॉकवाला मिळाला तर उत्तम. चाकामागच्या जागेसाठी ९० अंशांचा अॅडाप्टर ठेवा. जिथे अॅडाप्टरही जात नाही तिथला सरळ निपल काढून ४५ किंवा ९० अंशांचा बसवता येतो. मात्र दुकानात जाताना जुना निपल खिशात न्या. ६, ८ आणि १० मिलिमीटरचे आटे दिसायला सारखेच, आणि चुकीचा आवळला की घराचे आटे जातात.

एकदा दहा हापसे कागदावर काढून वजनकाट्यावर ठेवा. एका हापशाला साधारण एक ग्रॅम पडतो, पण गनागणिक फरक असतो. ‘चार हापसे द्या’ असं कोणी सांगितलं तर तुमच्या गनचे चार म्हणजे किती, हे माहीत असलेलं बरं.

प्रश्न : सांगोल्याजवळ डाळिंब आहे. फवारणीच्या ब्लोअरला ट्रॅक्टरची ताकद देणाऱ्या पीटीओ शाफ्टचा क्रॉस एका हंगामात दोनदा तुटला. ग्रीस मी स्वतः दर दोन दिवसांनी मारतो. तरी असं का?

उत्तर : शाफ्ट गाडीवरून काढून बाकावर ठेवा आणि ग्रीस मारताना क्रॉसकडे नीट बघा. क्रॉसला चार टोकं, प्रत्येक टोकावर एक कप आणि कपात सुईसारख्या बारीक रोलरांची रांग. निपल एकच. त्यातलं ग्रीस आतल्या भोकांतून चारही कपांना जायला हवं. ताजं ग्रीस चारही कपांच्या सीलमधून डोकावलं तरच काम झालं. बहुतेक वेळा दोन कपांतून भसाभसा येतं, तिसऱ्यातून थोडं, आणि चौथा कोरडाच. मारणारा बाहेर आलेलं बघून थांबतो. चौथ्या कपातल्या सुया मग आठवडाभरात गंजून लाल भुगा होतात. तुमचा तुटलेला क्रॉस अजून जपून ठेवला असेल तर बघा, एकच टोक खाल्लेलं आणि तांबूस दिसेल.

कोरड्या कपाला ग्रीस द्यायचं तर क्रॉस त्या कपाच्या विरुद्ध बाजूला हाताने दाबून धरा, म्हणजे तिथली फट थोडी उघडते, आणि तसाच दाब ठेवून हापसा. तरीही आलं नाही तर जॉइंट वाकडा-तिकडा फिरवून पुन्हा बघा. एवढं करूनही चौथा कप दाद देत नसेल तर नवा क्रॉस घाला, जुना कधी ना कधी शेतात तुटणारच. जोरात चालणाऱ्या फवारणीच्या दिवसांत दर ८-१० तासांनी ग्रीस मारा. ‘दोन दिवसांनी’ म्हणजे किती तास, ते तासमीटरवर बघा.

ग्रीसखेरीज आणखी तीन गोष्टी तपासा. ब्लोअर ओढून नेणारा असेल तर सरीच्या टोकाला वळताना पीटीओ बंद करता का? चालू ठेवून वळलं की जॉइंट एकदम मोठ्या कोनात जातो आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांवर क्रॉसला हिसके बसतात. सतत चालताना कोन १५ अंशांच्या आत असावा. दुसरं, शाफ्ट मध्ये चौकोनी नळीचा असेल तर तो काढून परत घालताना ९० अंशांनी चुकीचा बसू शकतो. दोन्ही टोकांचे आतले काटे एका रेषेत यायला हवेत. ते आडवे-उभे झाले की शाफ्ट थरथरतो आणि क्रॉसबरोबर ब्लोअरचं गिअरबॉक्सही खातो. तिसरं, एकात एक सरकणाऱ्या या नळ्या कोरड्या आहेत का? त्या अडकल्या की खड्ड्यात गेल्यावर शाफ्टची लांबी कमी-जास्त होत नाही आणि सगळा धक्का ट्रॅक्टरच्या पीटीओच्या बेअरिंगवर जातो. नळ्या वेगळ्या करा, जुनं मातीभरलं ग्रीस डिझेलच्या फडक्याने पुसा आणि नवं ब्रशने लावा.

आणि शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर ग्रीसला आड येतं म्हणून काढून टाकलं असेल, तर आजच बसवा. बहुतेक कव्हरांना निपलापुरती खिडकी असते. उपरण्याचं टोक गुंडाळलं जायला वेळ लागत नाही.

प्रश्न : अचलपूर. संत्र्याच्या बागेत चालवायला जुना छोटा रोटाव्हेटर घेतला. गिअरबॉक्समधून ऑईल गळतं. गावात सगळे म्हणतात ऑईल काढून ग्रीस भरून टाक. भरू का?

उत्तर : नका भरू. गिअरबॉक्समध्ये गिअर ऑईल उडून दातांवर आणि वरच्या बेअरिंगवर पडतं. २ किंवा ३ नंबरचं ग्रीस उडत नाही. गिअरचे दात त्यात एकदा चर पाडतात आणि मग त्या चरात कोरडेच फिरत राहतात. गळती थांबते खरी, कारण गळायला पातळ काही उरलेलं नसतं.

ऑईल सील बदला. सील स्वस्त असतं, खर्च मजुरीचा. नवं सील घालण्याआधी शाफ्टवर नख फिरवून बघा. सीलच्या ओठाने तिथे खोबण पाडली असेल तर नवं सीलही गळणार. तेव्हा सील एक-दोन मिलिमीटर मागे-पुढे बसवायचं किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवायची. ऐन हंगामात दोन-चार दिवस ढकलायचेच असतील तर ०० नंबरचं पातळ ईपी ग्रीस मिळतं, ते वाहतं आणि दातांपर्यंत परत येतं. तेही तात्पुरतंच.

प्रश्न : आम्ही गोंदियाकडचे. धानाच्या रोवणीआधी चिखलणीला मिनी ट्रॅक्टर लोखंडी चाकं लावून बांधीत उतरतो. ग्रीस किती दिवसांनी द्यावं? पुढची चाकं आता खुळखुळतात.

उत्तर : चिखलणीत रोजच्या रोज, आणि संध्याकाळी. पुस्तिकेतले ५० तास कोरड्या शेतासाठी धरलेले असतात. धुतल्यावर लगेच ग्रीस द्या आणि दुधाळ, मातकट ग्रीस निघून स्वच्छ यायला लागेपर्यंत हापसत राहा. सकाळवर ठेवलं की रात्रभर पाणी आत बसतं. प्रेशरच्या पाण्याची धार सीलवर थेट मारू नका, ती चिखल आत ढकलते.

खुळखुळण्याचं कारण बहुधा किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती. ट्रॅक्टर चाकांवर उभा असताना सगळा भार पिनेच्या खालच्या टेकावर असतो आणि तिथे फट उरत नाही. तुम्ही मारलेलं ग्रीस वरच्या सैल बाजूने बाहेर येतं आणि ज्या जागी घासतंय तिथे पोचत नाही. पुढची बाजू जॅकवर उचला, खाली लाकडी ठोकळा द्या, मागच्या चाकांना दगड लावा. चाक लोंबकळलं की भार सुटतो. मग एकाने स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं आणि दुसऱ्याने ग्रीस मारावं. अॅक्सलच्या मधल्या पिनेलाही हेच, फक्त जॅक अॅक्सलखाली न लावता इंजिनपुढच्या सपोर्टखाली लावायचा. उचललेलं असतानाच चाक वर-खाली धरून हलवा. ग्रीसनंतरही खेळ जाणवला तर बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) गेले. गेलेला बुश ग्रीसने भरून येत नाही.

प्रश्न : मुलगा ग्रीस मारताना कपलर निपलवरून सारखा सुटतो, म्हणून तो बोटांनी दाबून धरतो. चालतं का? (जुन्नरहून एक ताई)

उत्तर : नाही ताई, त्याला आजच थांबवा. हाताच्या लिव्हर गनने काही हजार पीएसआय दाब येतो. फाटक्या होजमधून किंवा सुटलेल्या कपलरमधून त्या दाबाची बारीक धार कातडीखाली शिरते. वर टाचणी टोचल्याएवढी खूण, फारसं दुखतही नाही, आणि आत ग्रीस बोटभर पसरलेलं असतं. अशा वेळी मलमपट्टी करून घरी बसायचं नाही. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं आणि ‘प्रेशरने ग्रीस आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगायचे. उशीर झाला तर बोट जाऊ शकतं.

कपलर सुटतो कारण त्याचे जबडे झिजलेत, किंवा निपल चोंदलाय आणि ग्रीसला जायला जागा नाही. जबड्यांची बाहेरची रिंग थोडी आवळून बघा, नाहीतर कपलर बदला. निपल फडक्याने पुसूनच गन लावावी, नाहीतर टोकावरची माती ग्रीसबरोबर आत जाते. चोंदलेला निपल काढून डिझेलमध्ये भिजवा आणि मधली गोळी खिळ्याने दाबून आत-बाहेर होते का बघा. होत नसेल तर नवा घाला. काढताना कपलर सरळ ओढू नका, थोडा तिरपा केला की सुटतो.

प्रश्न : आधीच्या मालकाने लाल ग्रीस वापरलंय, माझ्याकडे निळं आहे. मिसळलं तर चालेल?

उत्तर : रंगाचं मनावर घेऊ नका, तो कंपनीने घातलेला असतो. डब्यावरचा बेस वाचा. लिथियम आणि लिथियम कॉम्प्लेक्स एकमेकांत चालतात. क्ले किंवा पॉलियुरियाचं ग्रीस लिथियममध्ये मिसळलं तर मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. आधीचं काय होतं ते कळत नसेल तर उघड्या सांध्यांतून जुना रंग पूर्ण जाईपर्यंत नवं मारा, आणि पुढच्या हबची बेअरिंगं काढून डिझेलने धुऊन, वाळवून पुन्हा भरा. हबची पोकळी मात्र निम्म्याच्या वर भरू नका. ठासून भरलेलं ग्रीस फिरताना तापतं आणि सील ढकलून बाहेर येतं.