बर्डीची टेकडी खरी का भर टाकलेली?

प्रश्न: नागपूरच्या सीताबर्डीचा (बर्डीचा) किल्ला ज्या टेकडीवर आहे ती नैसर्गिक आहे का माती टाकून उंच केलेली? आणि लढाई तिथंच झाली होती ना?

उत्तर: भर वगैरे काही नाही हो, पक्का काळा बसाल्ट आहे तो, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. गंमत म्हणजे दख्खनचा हा काळा दगड नागपूरच्या आसपासच संपत येतो, पूर्वेला भंडाऱ्याकडे निघालं की जुने, वेगळेच खडक लागतात.

लढाई तिथंच झाली, 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला. टेकड्या दोन, मोठी आणि छोटी, वर इंग्रज अन् खाली नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसल्यांची फौज. त्या फौजेतल्या अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली अन् तिथून मोठीवर मारा सुरू केला, म्हणजे बाजी जवळपास पलटलीच होती, पण कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळानं मुसंडी मारली आणि मग छोटी टेकडी पण परत इंग्रजांकडं गेली. आपल्याकडं फौज कितीतरी जास्त होती, तरी हरलो, हे मला आजही पटत नाही.

किल्ला लष्कराकडं आहे, एरवी आत सोडत नाहीत. 26 जानेवारी, 1 मे किंवा 15 ऑगस्टला जा, पण सकाळीच, नंतर लाइन लई लागते.