‘हा फोटो कुणाला दाखवू नका’

वाचकांचे प्रश्न : छायाचित्रण

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी धुळ्याजवळच्या एका रायडिंग क्लबात शिकते. क्लबच्या शोमध्ये तिच्या उड्यांचे मी भरपूर फोटो काढले. एक अगदी स्वच्छ आला. घोडा हवेत, खाली धूळ उडालेली. हौसेने तिच्या सरांना दाखवला, तर म्हणाले, ‘ताई, हा फोटो कुणाला दाखवू नका.’ कारण काही सांगितलं नाही. बाकीच्या फोटोंत घोडा पुसट तरी आहे, नाहीतर उडी संपून गेलेली आहे. साधा डीएसएलआर आहे, 55-250ची लेन्स. दादा, काय चुकतंय? — एक आई, धुळे

उत्तर : ताई, फोटो सोबत पाठवलात ते बरं केलंत. तुम्ही धूळ बघितली, सरांनी लगाम बघितला. घोड्याची मान वर ताठ झालीय, तोंड उघडं पडलंय, पुढचे पाय लोंबताहेत. उडीच्या वेळी मुलीचा हात मागे राहिला आणि घोड्याच्या तोंडात हिसका बसला, असा त्याचा सरळ अर्थ. हे घडलं असेल क्षणभरच, पण तुमच्या फोटोत ते कायमचं झालं. म्हणून सर रागावले नाहीत, मुलीची बाजू सांभाळून बोलले.

घोड्याच्या माणसाला दाखवता येईल असा फोटो हवा असेल तर त्याच्या नजरेने बघायला लागा. पुढचे दोन्ही गुडघे वर आणि सारखे उचललेले, खूर पोटाकडे मुडपलेले, मान पुढे-खाली वळलेली, स्वाराचे हात मानेच्या बाजूने पुढे गेलेले, टाच खाली, नजर पुढच्या अडथळ्यावर. आणि कान! कान मागे पडलेला फोटो कितीही धारदार असो, बाजूला टाका. आपल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मारवाडी घोड्याला गिऱ्हाईक आधी कुठे बघतं? आत वळून एकमेकांना टेकणाऱ्या कानांच्या टोकांकडे. उडीच्या घोड्याचे कान टेकायची गरज नाही, पुढे हवेत एवढंच.

आता वेळ साधायची कशी? डोळ्यावर भरवसा ठेवू नका. धावत्या घोड्याचे चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटतात का, हा वाद 1878 साली मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावून मिटवला. सुटतात, पण पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार मात्र तोवर घोडे पुढेमागे पाय फाकून पळवत होते. तेव्हा मोजा.

फेरी सुरू होण्याआधी स्वार पायी कोर्स, म्हणजे अडथळ्यांचा मार्ग, फिरतात, दोन अडथळ्यांमधली पावलं मोजतात. घोड्याची एक स्ट्राइड, म्हणजे चारही पायांची एक पूर्ण झेप, साधारण साडेतीन मीटर, माणसाची चार मोठी पावलं. दोन पावलं उतरायला आणि दोन पुढच्या उड्डाणाला सोडली की मधे किती स्ट्राइड बसतात ते कळतं. तुम्ही कठड्याबाहेरून बघून अंदाज घ्या. मग टापा ऐका. कँटरच्या, म्हणजे मध्यम धावेच्या, टापांना तीनचा ठेका असतो. शेवटच्या स्ट्राइडला बोट तयार ठेवा आणि पुढचे पाय जमीन सोडतात तेव्हाच दाबा. हवेत दिसला म्हणून दाबाल, तर उतरतानाचा फोटो मिळेल. त्यात सगळा भार एका ताठ पायावर आलेला असतो, स्वारही पुढे लोटलेला. तो कुणालाच आवडत नाही. बर्स्ट (एका दाबात ओळीने फोटो) वापरा, पण उशिरा सुरू केलेल्या बर्स्टमध्ये सगळेच फोटो उशिराचे निघतात.

पुसटपणाचा हिशेब सोपा आहे. शोमध्ये कोर्सचा वेग बहुधा मिनिटाला साडेतीनशे मीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला जवळपास सहा मीटर. 1/250 शटरला घोडा दोन सेंटिमीटरहून जास्त सरकतो, 1/1000ला जेमतेम सहा मिलिमीटर. पाय तर अंगापेक्षा जोरात हलतात. म्हणून 1/1000च्या खाली उतरू नका, आयएसओ ऑटोवर सोडा, थोडा दाणा आला तर येऊ द्या. फोकस सतत मागोवा घेणारा ठेवा, बिंदू स्वाराच्या छातीवर. मधे अडथळ्याचा आडवा पोल आला की जुने कॅमेरे पोललाच चिकटतात. तसं होत असेल तर आधीच फोकस बांधून ठेवा. ऑक्सरवर, म्हणजे मागेपुढे दोन पोल असलेल्या रुंद अडथळ्यावर, तो उतरणीकडच्या, म्हणजे तुमच्या जवळच्या पोलवर बांधा, कारण उडीच्या माथ्यावर डोकं तिथवर आलेलं असतं.

उभं राहायचं उतरणीच्या बाजूला, तिरकं, कठड्याबाहेर. घोड्याच्या सरळ रेषेत कधीच नाही. मागे काय आहे तेही बघा. पाण्याचा टँकर, मोटारसायकली आणि शुभेच्छुकांचा फ्लेक्स. नेत्याचं हसरं तोंड घोड्याच्या शेपटीला चिकटलेलं मी पुष्कळ फोटोंत पाहिलंय. दोन पावलं सरकलं तरी ते टळतं.

उजेडासाठी सकाळचे राऊंड धरा. भर दुपारी आपल्याकडचं ऊन डोक्यावर आलं की हेल्मेटच्या कडेखाली चेहरा काळा पडतो. मुश्की (काळा) घोडा उजळ वाळूवर असेल तर कॅमेऱ्यात उजेड (एक्स्पोजर) थोडा वाढवा. नुकरा (पांढरा) पूर्ण चौकटीत भरला असेल तरी वाढवावाच लागतो, कारण कॅमेरा पांढऱ्याला करडं करून टाकतो.

फ्लॅश नको. छत्री उघडू नका, एकदम उठू नका. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा पट्टा तेवढा सुटतो. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो कुठे टाकण्याआधी त्यांच्या आईवडिलांना विचारा.

प्रश्न : सारंगखेड्याला घोडा विकायला न्यायचा आहे. मोबाइलवर फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवतो, पण डोकं मोठं आणि मागचा भाग लहान दिसतो. — एक शेतकरी, शहादा

उत्तर : भाऊ, तुम्ही फार जवळ जाता. दहा-बारा पावलं मागे या, मोबाइलवर दोनपट झूम घ्या, फोन घोड्याच्या छातीच्या उंचीवर धरा. घोडा पूर्ण आडवा, सपाट जमिनीवर, चारही पाय वेगवेगळे दिसतील असा उभा करा. कुणाला तरी समोर दाण्याची पाटी हलवायला सांगा म्हणजे कान उभे होतात. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचे फोटो वेगळे, जवळून काढा, गिऱ्हाईक ते मागणारच. आणि झूल काढून ठेवा. झाकलेली पाठ बघून कुणी पैसे काढत नाही.

प्रश्न : मेळ्यात लेन्सवर धूळ बसते. शर्टाने पुसलं तर चालेल? — एक विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : नाही. आधी रबरी फुग्याने हवा मार, मग मऊ कापड. आणि तिथे लेन्स बदलूच नकोस.