आवाज आला म्हणजे झालं का?

प्रश्न : आमचं घर डोंबिवलीत, जुन्या इमारतीत तळमजल्यावर आहे. हॉलमधल्या मोझॅक लाद्या पार काळवंडल्यात. त्या न उखडता वर 'क्लिक'वाल्या व्हिनाइल पट्ट्या आम्ही दोघांनीच बसवायचं ठरवलंय. दुकानदार म्हणतो, 'एकीत एक अडकवायची, खट् आवाज आला की झालं.' एवढं सोपं असतं का? शिवाय सासूबाई बादलीभर पाणी ओतून फरशी धुतात. चालेल का? – एक वाचक

उत्तर : अडकवणं सोपंच आहे. माझी 10 बाय 12 ची खोली मी आणि भाच्याने दीड दिवसात उरकली. पुढच्या मे महिन्यात एका दुपारी पश्चिमेच्या खिडकीखालच्या चार पट्ट्या तंबूसारख्या वर उठल्या. माल चांगला होता, चूक माझी. समोरासमोरच्या भिंतींशी फट वाईट दिसते म्हणून मी पट्ट्या अगदी भिडवून घेतल्या होत्या. ही फरशी खाली चिकटलेली नसते, सतरंजीसारखी नुसती अंथरलेली असते. उन्हाने तापली की वाढते, आणि बाजूला जागा नसली की वर येते. म्हणून चारही भिंती, दाराची चौकट, पाइप, सगळीकडे 8 ते 10 मिलीमीटर सोडा. काम चालू असताना फटीत लाकडी पाचरी ठेवा आणि शेवटी आठवणीने काढा. तुमच्याकडे भिंतीला लादीचंच स्कर्टिंग असणार. त्याच्या पायाशी बारीक बीडिंग लावलं की फट झाकते. फक्त ते स्कर्टिंगला चिकटवा, पट्टीला नाही.

पण तुमच्या घरी सुरुवात याहून आधी करावी लागेल. तळमजला आहे, तेव्हा आधी ओल बघा. दीड-दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा लादीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवसांनी उचला. खाली दव साचलं असेल किंवा लादी काळी पडली असेल तर थांबा. पट्टीला पाण्याने काही होत नाही, पण तिच्याखाली कोंडलेली ओल कुबट वास मारते. तो वास पावसाळ्यात कुठून येतोय ते कळतही नाही. ओलीचा बंदोबस्त आधी करा.

मग लाद्या ठोकून बघा. पोकळ वाजणारी किंवा हलणारी लादी काढून पुन्हा बसवा. मोझॅक सहसा सपाट असतं, पण जुन्या इमारतीत मधोमध खोलगट होतं. सहा फुटी अॅल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी-उभी फिरवा. चार सपाट एटीएम कार्डं एकावर एक ठेवली की साधारण 3 मिलीमीटर होतात. तेवढी गड्डी पट्टीखाली सहज सरकली तर खड्डा भरून घ्या. न भरता बसवलंत तर चालताना फरशी दबेल, आणि वर्षभरात तिथली खाच, म्हणजे पट्टीच्या कडेची एकमेकींत अडकणारी जागा, तुटेल.

पट्ट्या आणल्यावर खोके दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवा. वाया जाण्यासाठी 10 टक्के माल जास्त घ्या. पट्टीच्या मागे फोम चिकटवलेलाच असेल तर खाली आणखी फोम नको, दुकानदाराने कितीही गळ घातली तरी.

पहिली ओळ लावण्याआधी हिशेब करा. समजा खोलीची रुंदी 3100 मिलीमीटर आहे. दोन्हीकडच्या 8-8 च्या फटी वजा जाता 3084 उरतात. 180 रुंदीची पट्टी 17 वेळा बसते आणि शेवटी 24 ची चिंधी उरते. ती ना नीट कापता येते, ना अडकवता येते. अशा वेळी एक अख्खी पट्टी आणि ती चिंधी मिळून होणारे 204 निम्मे करा, म्हणजे पहिली आणि शेवटची, दोन्ही ओळी 102 च्या करा.

आता त्या 'खट्'बद्दल. माझ्या एका ओळीत आवाज आला, पण नख फिरवलं तर सांध्यावर कड लागत होती. भाचा हातोडा उगारून तयार! पट्टी सोडवली, तर खाचेत सिमेंटचा एक कण होता, मोहरीएवढा. ब्रशने झाडला आणि पट्टी हाताने बसली. हातोडा मारून खाच मोडली की ती पट्टी भंगारात. तेव्हा आवाजावर जाऊ नका, प्रत्येक सांध्यावर नख फिरवा. शेजारच्या ओळींतले सांधे निदान आठ इंच मागेपुढे असू द्या.

चौकट लाकडी असेल तर पट्टीचा तुकडा तिला टेकवून आरीने खालून तेवढी कापा, म्हणजे पट्टी आत सरकते. ग्रॅनाइटची असेल तर पुठ्ठ्याचा साचा काढून पट्टी तशी कापा. आणि दार आत उघडत असेल तर ते घासणार नाही ना, हे पट्ट्या लावण्याआधी बघा. आम्ही नंतर बघितलं.

सासूबाईंचं पाणी मात्र बंद. वरचं पाणी पुसून निघतं, फटीतून खाली गेलेलं वाळत नाही. पिळलेल्या फडक्याने पुसायचं. हे त्यांना कसं सांगायचं, ते तुमच्या घरात तुम्हीच बघा.

प्रश्न : वर्षभरापूर्वी बसवलेल्या व्हिनाइलवर पायपुसण्याच्या आकाराचा पिवळा डाग पडलाय. कशाने जाईल? – एक वाचक

उत्तर : पायपुसणं उलटं करून बघा, खाली रबर असेल. रबरातली रसायनं व्हिनाइलमध्ये उतरतात. डाग वर नाही, आत आहे, म्हणून घासून जात नाही. जास्तीच्या पट्ट्या ठेवल्या असतील तर तेवढ्या बदला. नसतील तर तिथेच दुसरं पायपुसणं टाका, सुती.